ग्रंथालयातल्या विनामूल्य मैफली आणि नाटकं: आठ महिन्यांच्या हजेरीनंतर

आठ महिने, जवळपास दर आठवड्याला एक कार्यक्रम. एवढ्या हजेरीनंतर एक गोष्ट ठामपणे सांगता येते: ग्रंथालयात माइक जितके कमी, तितका कार्यक्रम जास्त रंगतो. ही जागा शांततेसाठी बांधलेली असते. त्या शांततेचा उपयोग करून घेणारे कार्यक्रम, म्हणजे एकल वादन, तीन-चार वाद्यांचा मेळ, अभिवाचन, दोन पात्रांची एकांकिका, इथे फार सुंदर उतरतात. सात जणांचा बँड किंवा सगळी भिस्त प्रकाशयोजनेवर असलेलं नाटक मात्र याच खोलीत गुदमरतं. महिन्याचं वेळापत्रक हातात आलं की आधी कलाकारांची संख्या बघा, मग नावं.

प्रवेश फुकट असला तरी नोंदणी बहुतेक वेळा लागते, आणि नवख्यांचा गोंधळ तिथेच होतो. पैसे न देता नोंदवलेली जागा लोक सहज सोडून देतात, हे आयोजकांना ठाऊक असतं. म्हणून ते खुर्च्यांपेक्षा जास्त नावं घेतात. नाव नोंदलं म्हणजे खुर्ची मिळाली असं नव्हे. सुरू व्हायच्या दहा-पंधरा मिनिटं आधी राहिलेल्या राखीव जागा दारातल्या रांगेला देऊन टाकतात. नोंदणी असेल तर अर्धा तास आधी पोचा. नसेल तरी या. एकट्या माणसाची सोय बहुधा होते, चौघांना शेजारीशेजारी बसायला मिळणं कठीण. येणं जमणार नसेल तर नोंदणी तेवढी आठवणीनं रद्द करा, त्या जागेसाठी कुणीतरी बाहेर उभं असतं.

आता बसायचं कुठे. हॉल रिकामा असताना एकदा जोरात टाळी वाजवून बघा. टाळीमागून ‘टर्र’ असा थरथरता आवाज आला, तर समोरासमोरच्या दोन कडक भिंती, बहुतेकदा एक काचेची, आवाज एकमेकींकडे फेकताहेत. अशा खोलीत तबल्याचे द्रुत बोल एकमेकांत मिसळून जातात. काचेवर जाड पडदा ओढला की निम्मं दुखणं जातं, आणि पडदा बहुधा असतोच, फक्त कुणी ओढलेला नसतो. कर्मचाऱ्यांना सांगा, लगेच ओढतात. उलट जिथे गालिचा आणि भिंतीभर पुस्तकं आहेत, तिथे प्रतिध्वनी नसतो, पण वरच्या पट्टीतला आवाज शोषला जातो. बोलण्यातले स, श, च, त हे वर्ण याच वरच्या भागात असतात. म्हणून मागच्या रांगेत आवाज पोचतो पण शब्द कळत नाही, आणि दोष नटाच्या माथी जातो. तिसरी किंवा चौथी रांग, मधल्या वाटेच्या जरा बाजूला आणि एसीच्या झोतापासून लांब, ही जागा संगीत आणि नाटक दोन्हीला चांगली.

माइक शिट्टी मारतो तो बहुतेकदा एकाच कारणानं. जागा अपुरी म्हणून स्पीकर कलाकारांच्या पाठीमागे ठेवतात, स्पीकरचा आवाज पुन्हा माइकमध्ये शिरतो आणि ते चक्र फिरत राहतं. स्पीकर कलाकारांच्या रेषेच्या पुढे, दोन कोपऱ्यांत. माइक तोंडापासून चार ते सहा इंचांवर. शंभर खुर्च्यांच्या हॉलला एवढं पुरतं. पण शंभर माणसांसमोर व्हायोलिनला माइक लागतच नाही, आणि न लावता ऐकलेल्या मैफलीत गजाचा तारेवर टेकतानाचा श्वासासारखा आवाजही ऐकू येतो. त्यासाठी एसी बंद हवा. चांगल्या संगीत सभागृहात वाद्यं थांबली की उरणारा आवाज 25 डेसिबलच्या आसपास ठेवतात. एसीची घरघर त्याच्या बरीच वर जाते आणि हळुवार सूर तिच्याखाली बुडतात.

एसी बंद केला की दुसरी अडचण उभी राहते, आणि तिच्याकडे फारच कमी आयोजकांचं लक्ष असतं. बसलेला एक माणूस साधारण 100 वॅट उष्णता सोडतो. शंभर माणसं म्हणजे 10 किलोवॅट, तेही दारं बंद असलेल्या खोलीत. तापमान वाढतं तशी पोलादी तार प्रसरण पावून सुरातून खाली उतरते. बासरीचं उलट: आतली हवा तापली की ती चढते, दर अंश सेल्सिअसला सुमारे 3 सेंट, जिथे एका अर्धस्वराचे 100 सेंट धरतात. चार अंशांत बारा सेंट बासरीचे वर आणि तार त्याच वेळी खाली. पंधरा-वीस मिनिटांपूर्वी जुळलेली जोडी बेसूर वाटायला लागते, ती वादकांच्या चुकीमुळे नव्हे. तबल्याची पुडी, म्हणजे वरचं कातडं, तर दमट हवेत वेगळीच सैल पडते. उपाय दोन. प्रेक्षक यायच्या आधी तासभर हॉल गरजेपेक्षा थोडा जास्त थंड करून ठेवायचा. आणि पहिली रचना लहान ठेवून तिच्यानंतर वाद्यं पुन्हा मिळवायची. कलाकार तंबोरा पुन्हा लावत असतील तर ती दोन मिनिटं गप्प बसून द्यावीत. तेवढ्याशा कुजबुजीतही जवारी, म्हणजे तंबोऱ्याच्या तारांची झंकारती गुंज, नीट ऐकू येत नाही.

नाटकाचं गणित नजरेचं. इथला मंच म्हणजे बहुधा एक फूट उंचीचा जोड-फळ्यांचा चौथरा, आणि जमीन सपाट. त्या चौथऱ्यावर नट खाली बसला की त्याचं डोकं जमिनीपासून पावणेचार फुटांच्या आसपास येतं; खुर्चीतल्या प्रेक्षकाचं डोकं सव्वाचार फुटांवर. म्हणजे तिसऱ्या रांगेपासून मागे बसलेल्यांनी तो सगळा प्रसंग फक्त ऐकायचा. जाणते दिग्दर्शक बसायचे प्रसंग स्टुलावर किंवा उंच खुर्चीवर घेतात. खुर्च्या एकामागे एक न लावता अर्ध्या खुर्चीनं सरकवल्या तरी पुष्कळ फरक पडतो. पूर्ण अंधार मिळत नाही, कारण आपत्कालीन दिवे चालूच ठेवावे लागतात. म्हणून अंधार करून प्रवेश बदलणारं नाटक इथे फसतं. विंगा नसतात, नट वाचकांच्याच दारातून येतात. ते धरून बसवलेला प्रयोग मात्र झकास होतो.

अभिवाचन हा इथला सर्वांत भरवशाचा प्रकार. संहितेचे कागद एकाच बाजूला छापलेले आणि सुटे असले की पान उलटायची फडफड होत नाही, वाचलेलं पान नुसतं बाजूला सरकतं. स्टँड छातीच्या खाली हवा, नाहीतर चेहरा झाकतो. या दोन साध्या गोष्टी पाळणारे वाचक पहिल्या पाच मिनिटांत ओळखू येतात.

सर्वांत जास्त रसभंग करते ती ‘ग्रंथालय पंधरा मिनिटांत बंद होत आहे’ ही उद्घोषणा. नेमकी शेवटच्या प्रवेशात किंवा समेच्या तोंडावर येते. सभागृहाचा स्पीकर वेगळा बंद करता येत असेल तर प्रश्न मिटतो. नसेल तर बंद व्हायच्या वेळेआधी दोन तास सुरू होणारेच कार्यक्रम निवडा. बहुतेक प्रयोग मध्यंतराशिवाय तासाभराचे असतात, त्यामुळे एवढा वेळ पुरतो.

ग्रंथालय आणि मैफल ही जोडी काही नवीन नाही. वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये एलिझाबेथ स्प्रेग कूलिज यांच्या देणगीतून 1925 मध्ये सुमारे पाचशे खुर्च्यांचं सभागृह उभं राहिलं. पुढे तिथल्या संग्रहात स्ट्रॅडिव्हरी या विख्यात इटालियन कारागिराची व्हायोलिनसारखी वाद्यंही आली, आणि ती काचेत न ठेवता मैफलीत वाजवली जातात. संग्रह आणि सादरीकरण एका छपराखाली असण्याचा खरा फायदा हाच, आणि लहान ग्रंथालयातही तो घेता येतो. पुस्तकं विषयवार आकड्यांनी लावायच्या ड्युई वर्गीकरणात संगीत 780 मध्ये, त्यातली तंतुवाद्यं 787 आणि सुषिरवाद्यं, म्हणजे फुंकून वाजवायची, 788 मध्ये. रंगभूमीचं तंत्र, म्हणजे अभिनय, नेपथ्य, प्रकाश, 792 मध्ये. नाटकाच्या संहिता मात्र तिथे शोधू नका, त्या भाषेप्रमाणे साहित्यात असतात. मराठी नाटक 891.462. प्रयोगाआधी संहिता चाळली की मागच्या रांगेत बुडालेले शब्दही कळतात. फक्त पुस्तक आधीच नावावर करून घ्या, कार्यक्रम सुटेपर्यंत देवघेवीची खिडकी बंद झालेली असते.