देशाच्या आरोग्यव्यवस्थेला गुण देणारी साधने : एक परीक्षण

एखाद्या देशाची आरोग्यव्यवस्था किती चांगली आहे, याचे उत्तर एका आकड्यात देणाऱ्या सेवा आज कोणालाही विनामूल्य वापरता येतात. पत्रकार आणि विद्यार्थी त्यांतून दाखले घेतात, सरकारे आपल्या सोयीचा आकडा उचलतात आणि विरोधक उरलेले. ज्या साधनांवर इतके लोक विसंबून राहतात त्यांचे परीक्षण कसोशीने झाले पाहिजे, असे मला वाटते. मी त्यांना दोन प्रश्न विचारले. उपचार कोठे आणि कोणापर्यंत पोहोचत नाहीत, हे या आकड्यावरून कळते का? आणि आकड्यातला किती भाग प्रत्यक्ष मोजलेला व किती अंदाजाने भरलेला आहे, हे साधन वापरणाऱ्याला स्पष्टपणे सांगते का?

जागतिक आरोग्य संघटनेने २००० साली प्रसिद्ध केलेली १९१ देशांची क्रमवारी आजही ठिकठिकाणी उद्धृत होते, म्हणून तिचा आधी विचार करतो. फ्रान्स पहिला, इटली दुसरा, अमेरिका ३७ वी आणि सिएरा लिओन शेवटचा, ही ती यादी. ती करताना लोकांचे आरोग्यमान, त्यातील विषमता, रुग्णांना मिळणारी वागणूक व तिच्यातील विषमता आणि खर्चाच्या बोज्याची न्याय्य वाटणी असे पाच घटक धरले होते. घटकांची ही निवड आजही मला योग्य वाटते, विशेषतः सरासरीइतकेच वजन विषमतेला दिले गेले हे. पण रुग्णांना मिळणाऱ्या वागणुकीची प्रत्यक्ष पाहणी केवळ ३५ देशांत, तीही निवडक जाणकारांना विचारून झाली होती. बाकीच्या देशांचे आकडे गणिताने काढले गेले. शिवाय गाजलेली यादी निव्वळ साध्याची, म्हणजे देशाने प्रत्यक्षात किती साधले याची, नव्हतीच. देशाच्या ऐपतीच्या मानाने त्याने किती साधले, याची ती यादी होती. त्याच अहवालात अमेरिका निव्वळ साध्यात १५ वी आणि रुग्णांना मिळणाऱ्या वागणुकीत पहिली होती. एकाच अहवालात एका देशाला तीन अगदी भिन्न क्रमांक मिळतात आणि जगाच्या लक्षात त्यांतला एकच राहतो, हा या साधनाचा मोठा दोष आहे. संघटनेने अशी क्रमवारी पुन्हा काढली नाही. तिचा आधार घेऊन आजच्या व्यवस्थेबद्दल काही सांगणे अयोग्य आहे.

त्याच संघटनेचा आजचा मुख्य मापदंड म्हणजे सार्वत्रिक आरोग्यसेवेच्या व्याप्तीचा निर्देशांक. शाश्वत विकास उद्दिष्टांमध्ये तो ३.८.१ या क्रमांकाने नोंदलेला आहे. माता-बाल आरोग्य, संसर्गजन्य आजार, असंसर्गजन्य आजार आणि सेवेची क्षमता अशा चार गटांतील १४ सूचकांवरून शंभरपैकी गुण काढण्याची पद्धत २०२३ च्या अहवालापर्यंत चालू होती. त्या अहवालानुसार जगाचा निर्देशांक २००० मध्ये ४५ होता, २०१९ पर्यंत तो ६८ वर गेला आणि २०२१ मध्येही तेथेच राहिला. संघटनेच्या जागतिक आरोग्य वेधशाळेच्या संकेतस्थळावर प्रत्येक सूचकाची व्याख्या, वर्षवार आकडे आणि ते उतरवून घेण्याची सोय आहे. सोयीच्या दृष्टीने या सेवेत मला फारसे उणे दिसले नाही.

आशयाच्या दृष्टीने मात्र दिसले. या १४ सूचकांपैकी काही सेवेचे माप नाहीतच. तंबाखू न वापरणाऱ्यांचे प्रमाण किंवा प्राथमिक स्वच्छतेची सोय हे दवाखान्याच्या कारभाराबद्दल फार थोडे सांगतात. दर १०,००० लोकांमागे १८ खाटा झाल्या की त्या सूचकाचे पूर्ण गुण मिळतात, मग त्या खाटांशेजारी परिचारिका असो वा नसो. गर्भवतीच्या चार तपासण्या झाल्या की नोंद पूर्ण होते. त्या तपासण्यांत रक्तदाब पाहिला गेला का, हे त्या नोंदीत येत नाही. सेवेचा संपर्क आणि सेवेची गुणवत्ता यांतला फरक किती जीवघेणा असू शकतो, हे ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या आयोगाने २०१८ मध्ये दाखवून दिले आहे. अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांत उपचारांनी टाळता आले असते असे वर्षाला ८६ लाख मृत्यू आयोगाने मोजले. त्यांतील सुमारे ३६ लाख लोकांपर्यंत सेवा पोहोचलीच नव्हती, तर सुमारे ५० लाख लोक सेवा मिळूनही तिच्या निकृष्ट दर्जामुळे दगावले. म्हणजे केवळ व्याप्ती मोजणारे साधन या मोठ्या गटाला ‘सेवा मिळाली’ याच रकान्यात टाकते.

व्याप्तीच्या जोडीला असलेला ३.८.२ हा सूचक आर्थिक संरक्षण मोजतो. घरखर्चाच्या १० टक्क्यांहून किंवा २५ टक्क्यांहून अधिक रक्कम उपचारांवर जाणारी किती माणसे आहेत, हे त्यात २०२५ पर्यंत पाहिले जात होते. हेतू उत्तम आहे, पण पैशांअभावी जो डॉक्टरकडे गेलाच नाही त्याचा खर्च शून्य भरतो आणि या मापात तो सुरक्षित ठरतो. सर्वांत गरीब माणूसच आकड्यांतून निसटावा, याचे मला फार वाईट वाटते. उपचार टाळणाऱ्यांचे प्रमाण शेजारी ठेवल्याशिवाय हा सूचक कोणी एकटा वापरू नये.

श्रीमंत देशांपुरती तुलना हवी असेल, तर कॉमनवेल्थ फंड या अमेरिकी प्रतिष्ठानचा अहवाल वाचनीय आहे. त्याच्या २०२४ च्या आवृत्तीत दहा देशांना पाच विभागांत, ७० मापांवर तोलले आहे. अमेरिका एकूण क्रमवारीत शेवटची असली, तरी उपचारप्रक्रियेच्या विभागात दुसरी आहे, ही गोष्ट विभागवार तक्त्यामुळे लपून राहत नाही. रुग्णांना आणि डॉक्टरांना थेट प्रश्न विचारलेले असणे हे या अहवालाचे बलस्थान आहे. एकूण क्रमांकावर मात्र विसंबू नये : २०१४ मध्ये ब्रिटन एकंदरीत पहिला आला, तेव्हा निरोगी आयुष्याच्या विभागात तो अकरा देशांत दहावा होता.

माझ्या दोन्ही प्रश्नांना सर्वांत गंभीरपणे सामोरे जाणारे साधन म्हणजे आरोग्यसेवा उपलब्धता व गुणवत्ता निर्देशांक. सिअ‍ॅटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठाची इन्स्टिट्यूट फॉर हेल्थ मेट्रिक्स अँड इव्हॅल्युएशन ही संस्था तो तयार करते. त्यामागची कल्पना जुनी आहे. डेव्हिड रटस्टीन हे अमेरिकी डॉक्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये असे सुचवले होते की वेळेवर योग्य उपचार मिळाले असता जे मृत्यू व्हायलाच नकोत, ते मोजले म्हणजे सेवेचा दर्जा कळेल. या निर्देशांकात अशी ३२ कारणे आहेत. धनुर्वात, गोवर, क्षयरोग, प्रसूतीतील गुंतागुंत, अपेंडिक्सची सूज, हर्निया, मधुमेह, अपस्मार, गर्भाशयमुखाचा कर्करोग ही त्यांतली काही. अपेंडिक्सने माणूस दगावतो तेव्हा दोष त्याच्या आहाराचा किंवा हवेचा नसतो. निदान, वाहतूक, भूल आणि शस्त्रक्रिया या साखळीत कोठेतरी खंड पडलेला असतो, आणि म्हणूनच या एका कारणाचा मृत्युदर व्यवस्थेबद्दल इतके काही सांगून जातो. आयुर्मानासारख्या ढोबळ मापात ही धार नाही, कारण आयुर्मानावर पाणी, पोषण, रस्ते आणि व्यसने यांचाही भार असतो. जोखमींचा तो भार वेगळा काढून उरलेला फरक सेवेच्या खात्यावर टाकण्याची काळजी हा निर्देशांक घेतो.

२०१६ सालासाठी आइसलंडला ९७.१ आणि मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकाला १८.६ गुण होते. मला त्याहून मोलाचे वाटले ते काही देशांचे अंतर्गत आकडे. चीनचे गुण ७७.९ होते, पण बीजिंग ९१.५ वर आणि तिबेट ४८.० वर होते. जपानच्या सर्वांत वरच्या व सर्वांत खालच्या प्रांतांत मात्र केवळ ४.८ गुणांचे अंतर होते. राष्ट्रीय आकडा हातात आला की त्याच्या पोटातले हे अंतर विचारायची सवय वाचकाला लावणारे साधन मला चांगले वाटते.

याची कमजोर बाजूही मोठी आहे. मृत्यूचे कारण नोंदलेच गेले नसेल तर हा निर्देशांक संगणकीय प्रारूपावर उभा राहतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पाहणीनुसार जगात दहापैकी चार मृत्यू नोंदलेच जात नाहीत आणि आफ्रिका विभागात जेमतेम दहापैकी एक नोंदला जातो. जेथे सेवा सर्वांत दुबळी, तेथे नोंदही सर्वांत दुबळी, त्यामुळे ज्यांच्यासाठी हे मोजमाप सर्वाधिक गरजेचे त्यांच्याच बाबतीत ते सर्वाधिक अंदाजी ठरते. संस्था प्रत्येक आकड्यासोबत अनिश्चिततेची मर्यादा, म्हणजे खरा आकडा किती खाली-वर असू शकतो ते, देते, हे तिच्या श्रेयाचेच आहे. परंतु बातम्यांत आणि भाषणांत ती मर्यादा गळून पडते. शिवाय हा निर्देशांक मृत्यूंवर बेतलेला असल्याने मोतीबिंदू, दातदुखी, मानसिक आजार, असह्य वेदना यांत वर्षानुवर्षे खितपत पडलेल्यांना त्यात जवळजवळ स्थान नाही.

तरीही एकच साधन निवडायचे झाले, तर मी हाच निर्देशांक निवडेन आणि त्यातही एकूण गुण बाजूला ठेवून कारणनिहाय तक्ता आधी उघडेन. अंदाजपत्रकावर काम करणाऱ्याने त्याला उपचार टाळणाऱ्यांच्या पाहणीची जोड द्यावी. विद्यार्थ्याने व्याख्या शिकण्यासाठी वेधशाळेच्या संकेतस्थळापासून सुरुवात करावी. ही साधने चालवणाऱ्या सर्व संस्थांकडे माझी एक आग्रहाची मागणी आहे : प्रत्येक देशाच्या गुणांशेजारी, तेवढ्याच ठळक अक्षरांत, त्या देशात किती टक्के मृत्यूंचे कारण डॉक्टरने प्रमाणित केले होते, तो आकडाही छापावा.