कुडाळमधील कार ऑडिओचे दुकान आणि उलटी जोडलेली एक वायर

मे महिन्यात आमच्या आठ वर्षांच्या गाडीत दुसऱ्या एका गावातील दुकानातून चार नवे स्पीकर बसवून घेतले होते. आवाज मोठा झाला, पण समाधान होईना. डबलबारीचे, म्हणजे दोन भजनी बुवांच्या सामन्याचे, रेकॉर्डिंग लावले की बुवांचा आवाज समोरून येण्याऐवजी कुठूनतरी बाजूने, काचेला चिकटल्यासारखा येई आणि पखवाजाची थाप कळली तरी तिचा घुमारा लागत नसे. बास वाढवून काही उपयोग झाला नाही. एकदा सहज बॅलन्स पूर्ण डावीकडे नेला आणि उजवीकडचे स्पीकर गप्प होताच घुमारा परत आला. चार स्पीकरपेक्षा दोघांचा बास जास्त भरतो म्हटल्यावर उजवीकडे कुठेतरी अधिक-उणे वायर उलटी जोडली गेली असणार, याविषयी शंका उरली नाही. त्यासाठी वेंगुर्ल्याहून मठमार्गे कुडाळला जाऊन ज्या छोट्या दुकानात काम करून घेतले, त्याचा हा अनुभव आहे.

दुकान म्हणजे एक गाळा असून समोर दोन गाड्या उभ्या राहतील एवढीच जागा आहे. बसायला खुर्ची नाही. दुपारी ते बंद असते, त्यामुळे बाहेरगावाहून येणाऱ्याने आधी फोन करूनच निघावे. मी चौकशी न करता गेलो आणि दीड तास गाडीतच घामाघूम होऊन बसलो.

काम मात्र पाहत राहावे असे होते. कारागिराने आधी स्टिरिओ बाहेर काढून मागचा कपलर, म्हणजे वायरींचा जोड, सोडवला, कारण स्टिरिओ जोडलेला असताना स्पीकरच्या वायरीवर बाहेरून वीज देणे म्हणजे त्याच्या अँप्लिफायरशी खेळ करणे. मग पेन्सिल सेलला दोन वायरी लावून त्याने स्टिरिओच्या बाजूने एकेका स्पीकरला क्षणभर स्पर्श केला आणि मला दारातील स्पीकरच्या कडेला बोटे हलकेच टेकवून ठेवायला सांगितले. सेलचे अधिक टोक स्पीकरच्या अधिक टोकाला मिळाले की कोन, म्हणजे स्पीकरचा हलणारा पडदा, बाहेर उसळतो आणि उलट झाले की आत ओढला जातो. डाव्या दाराचा कोन बोटांना ढकलत होता, तर उजव्या दाराचा प्रत्येक वेळी आत जात होता. मागचे दोन्ही बरोबर निघाले. सेल दीड व्होल्टचाच वापरायचा आणि टेकवून धरायचा नाही, हा त्याचा नियम मला पटला; नऊ व्होल्टच्या बॅटरीने लहान स्पीकरला विनाकारण मोठा हिसका बसतो.

चूक कशी झाली तेही दार उघडल्यावर दिसले. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक स्टिरिओंना पुढच्या डाव्या स्पीकरसाठी पांढरी, पुढच्या उजव्यासाठी राखाडी, मागच्या डाव्यासाठी हिरवी आणि मागच्या उजव्यासाठी जांभळी वायर असते आणि त्याच रंगावर काळी रेघ असली की ती उणे असते. गाडीच्या मूळ वायरींचे रंग मात्र कंपनीगणिक वेगळे असतात. आधीच्या माणसाने मूळ कपलर कापून टाकला होता आणि गडद रंग म्हणजे उणे, अशा अंदाजाने वायरी पिळून वर चिकटपट्टी गुंडाळली होती. कारागीर म्हणाला, “काकानू, रंगार जाव नकात, कोन खंय जाता तां बघा.” म्हणजे रंगावर जाऊ नका, कोन कुठे जातो ते पाहा. स्पीकरवरील रुंद पट्टी बहुधा अधिकची आणि अरुंद पट्टी उण्याची असते, पण तेही तो सेल लावल्याखेरीज मानत नाही.

चारही स्पीकर उलटे जोडले असते तर कदाचित मला कळलेही नसते. बिघाड होतो तो एकच उलटा असला की. १०० हर्ट्झच्या स्वराची तरंगलांबी सुमारे ३.४ मीटर असते, म्हणजे गाडीच्या आतल्या रुंदीच्या दुपटीहून अधिक. त्यामुळे एका दाराने पुढे ढकललेली हवा दुसरे दार मागे ओढते आणि नेमका खर्ज जिरून जातो.

पिळलेल्या जोडांच्या तांब्यावर अवघ्या तीन-चार महिन्यांत हिरवा कळंक चढला होता. समुद्राची खारी हवा आणि दारात झिरपणारे पावसाचे पाणी यांपुढे नुसती चिकटपट्टी टिकत नाही. कारागिराने खराब भाग कापून कथील दिलेली वायर वापरली, जोडाला सोल्डरिंगचा डाग दिला, वर गरम करून आवळणारी नळी चढवली आणि दोन्ही टोकांना अधिकची खूण केली. उण्याची वायर गाडीच्या पत्र्याला लावायची नाही, हेही त्याने बजावले. या स्टिरिओंच्या दोन्ही वायरींवर गाडीच्या बॅटरीच्या निम्म्याएवढा विद्युतदाब असतो आणि पत्र्याला टेकली तर अँप्लिफायर जळू शकतो.

तक्रारी दोन आहेत. दाराची एक क्लिप त्याच्याकडून तुटली. ती त्याने डब्यातून दुसरी काढून बसवली, पण रंग जुळत नाही. दुसरे म्हणजे पावती मागितल्याशिवाय मिळत नाही. मी मागितल्यावर मात्र तिच्या पाठीमागे कोणत्या दाराला कोणत्या रंगाची वायर, हे त्याने नीट काढून दिले. मजुरीचे ६०० रुपये झाले.

ट्वीटरची, म्हणजे उंच स्वरांच्या छोट्या स्पीकरची, तपासणी सेलने होत नाही, कारण त्याच्या वायरीत बसवलेला कपॅसिटर बॅटरीची वीज अडवतो आणि त्याचा पडदा हललेला दिसतही नाही. तिथे मल्टिमीटरच्या बझरने वायर टोकापर्यंत शोधावी लागते. ते काम दोन दारांसाठी तासाभराचे होते आणि तोवर अंधारून आले होते, म्हणून मी गणपतीनंतरची वेळ घेऊन निघालो. पिंगुळी ओलांडल्यावर तेच रेकॉर्डिंग पुन्हा लावले, बॅलन्स मध्यावर ठेवला. बुवा आता समोरच्या काचेच्या मधोमध गात होते आणि पखवाजाचा घुमारा सीटच्या पाठीला जाणवत होता.