वाकड्या टोकाची सिरिंज: अक्कलदाढ काढल्यानंतर काही आठवड्यांचा वापर

खालची अक्कलदाढ काढून दोन-तीन आठवडे झाले तरी हिरडी ठणकते, दाबली की दुखते, सकाळी तोंडाला घाण चव येते. अशा वेळी बहुधा दाढेच्या जागी राहिलेल्या खड्ड्यात अन्न अडकून कुजत असतं. नुसत्या गुळण्यांनी ते निघत नाही, कारण पाणी वरच्यावर फिरतं, तळाशी पोचत नाही. तेवढ्या एका कामासाठी ही सिरिंज आहे आणि ते काम ती चोख करते.

सिरिंज 10 ते 12 मिलीची, टोक लांब, बोथट आणि वाकडं. ठाणे स्टेशनजवळच्या साध्या मेडिकलमध्ये मागितली तर बरेचदा इंजेक्शनची सिरिंज पुढे करतात. सुई काढली तरी तिचं आखूड सरळ तोंड गालाला अडतं आणि शेवटच्या दाढेमागे वळत नाही. दाढ काढणाऱ्या डॉक्टरांकडे किंवा दातांच्या साहित्याच्या दुकानात हवी ती मिळते.

घाई मात्र अजिबात नको. पहिले 24 तास गुळण्याही बंद, मग हलकं मीठपाणी. सिरिंज साधारण पाचव्या-सातव्या दिवसापासून आणि तीही डॉक्टरांनी हो म्हटल्यावरच. आधी वापरली तर खड्ड्यातली रक्ताची गुठळी निघते. तिसऱ्या ते पाचव्या दिवशी कळ कानापर्यंत जायला लागली आणि गोळीनेही थांबेना, तर तो ड्राय सॉकेट, म्हणजे गुठळी निघून आतलं हाड उघडं पडणं, असू शकतो. त्यात दवाखान्यात औषध भरावं लागतं, घरी धुवून भागत नाही.

पाणी उकळून कोमट केलेलं, सोसायटीच्या टाकीतलं थेट नको. पेलाभर, म्हणजे 250 मिली पाण्यात अर्धा छोटा चमचा मीठ. आधी दात घासा, मोबाइलचा टॉर्च लावून आरशात खड्डा बघून घ्या. सिरिंजमधली हवा काढा, टोक खड्ड्याच्या कडेला दोन-तीन मिलिमीटर आत ठेवा, तळाला टेकवू नका. पहिले एक-दोन मिली अगदी सावकाश सोडा, मग थोडा जोर. मान खाली बेसिनवर, पाणी आपोआप पडू द्या. स्वच्छ पाणी येईपर्यंत दोन-तीन सिरिंजा लागतात. प्रत्येक जेवणानंतर धुवायचं. ऐरोली-घणसोलीच्या ऑफिसात दुपारी जमलं नाही तर निदान चूळ भरा, पण रात्री झोपताना चुकवू नका. पाण्याला किंचित गुलाबी छटा आली तर घाबरायचं कारण नाही.

बाहेर काय येतं ते बघण्यासारखं असतं: भाताचं शीत, टोमॅटोची बी, शेवेचा चुरा. सगळ्यात चिवट फोडणीतली मोहरी, बरोबर खड्ड्याच्या मापाची. ठाण्यातल्या मामलेदारची मिसळ महिनाभर लांबच बरी, तिखटापेक्षा फरसाणापायी.

आता दोष. काही आठवड्यांत दट्ट्याचं रबर कोरडं पडून अडकायला लागतं. मग जोर द्यावा लागतो, दट्ट्या झटक्यात सुटतो आणि धार सरळ तळावर बसते. तसं झालं की नवी घ्या, तेल लावत बसू नका. उकळलीत तर टोकाचा बाक जातो. पावसाळ्यात नळीत काळे ठिपके धरतात, म्हणून दट्ट्या बाहेर काढून वेगळा वाळवावा.

सिरिंजमधून क्लोरहेक्सिडिन हे माउथवॉशमधलं जंतुनाशक मारू नये. खड्ड्यात ते मारल्यावर जिवावर बेतणाऱ्या अ‍ॅलर्जीच्या घटना ब्रिटनमध्ये नोंदल्या गेल्या आहेत. माउथवॉश म्हणून डॉक्टरांनी दिलंच तर 0.2 टक्केवालं 10 मिली, मिनिटभर, पेस्टनंतर अर्धा तास सोडून. दोन आठवड्यांपुढे ओढलं की दातांवर तपकिरी डाग धरतात आणि चव मंदावते. लवंगेचं तेल उघड्या हिरडीला भाजतं, तेही नको. वरच्या दाढेच्या खड्ड्यात जोराची धार मारू नये, वर सायनस, म्हणजे गालाच्या हाडातली हवेची पोकळी असते.

खड्डा उथळ होऊन पाणी सतत स्वच्छ यायला लागलं की धुणं थांबवायचं, साधारण चार ते सहा आठवड्यांत. आतलं हाड भरायला पुढे महिने लागतात, पण त्यात सिरिंजचं काही काम नाही.

रोज नीट धुवूनही एकाच जागी टोचत असेल आणि जिभेला कडक पांढरी कणी लागत असेल, तर ती हाडाची कपची. स्वतः चिमट्याने ओढू नका, डॉक्टर काही मिनिटांत काढतात. तिसऱ्या दिवसानंतर सूज वाढणं, ताप, पू, तोंड उघडेनासं होणं, ओठ बधिर राहणं, यांपैकी काहीही असेल तर त्याच दिवशी दाखवा. तंबाखू खाणाऱ्याची जखम दोन आठवड्यांत भरायला लागली नाही तरी दाखवावी. नेरुळच्या डी. वाय. पाटील दंत महाविद्यालयासारख्या ठिकाणी मुखशल्यचिकित्सेचा वेगळा विभाग असतो. जाताना दाढ काढण्याआधीचा ओपीजी, म्हणजे पूर्ण जबड्याचा एक्स-रे, सोबत न्या. नव्या एक्स-रेशेजारी तो ठेवला की मुळाचा तुकडा आत राहिलाय का, हे ताडणं डॉक्टरांना सोपं जातं.