स्प्लेंडरचं कार्बोरेटर किट, आठ महिन्यांनी: सुई चांगली, ओरिंग बाद

गाडी हिरो होंडाच्या काळातली, ९७.२ सीसी. इंजिन बंद आणि पेट्रोलचा कॉक चालू असताना कार्बोरेटरच्या ओव्हरफ्लोच्या नळीतून थेंब पडायचे, म्हणून किट घातलं: पेट्रोल अडवणारी सुई, जेट (बारीक भोकाचे पितळी पेच) आणि ओरिंग (रबरी कडं). जेट बरोबर बसले, गाडी स्लोला (रेस न देता) टिकते. वैताग आणला तो बाऊलच्या, म्हणजे कार्बोरेटरच्या खालच्या पेट्रोलच्या वाटीच्या, ओरिंगने.

ही साधी रबराची ओरिंग पेट्रोलमध्ये फुगते. बाऊल एकदा उघडला की ती खाचेत मावत नाही. तशीच कोंबून स्क्रू आवळले तर चिमटते, फाटते आणि कडेने गळती सुरू. पुसून रात्रभर उघड्यावर ठेवली तर बरीच आटते. पण पाच मिनिटांच्या कामासाठी रात्रभर गाडी उघडी का ठेवायची? २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल पंपावर मिळत असताना किटमध्ये अशी रिंग देणं चूक आहे. वायटनची (पेट्रोलमध्ये फारशी न फुगणाऱ्या रबराची) रिंग मापाने सुटी घ्या. थोडे पैसे जास्त जातात, पण दर वेळी नवी आणावी लागत नाही.

सुईबद्दलचं मत मात्र बदललं. दोन महिन्यांत पुन्हा थेंब सुरू झाले तेव्हा सुईच खराब वाटली होती. तपासायची पद्धत सोपी: कार्बोरेटर उलटा धरा, म्हणजे फ्लोटच्या (बाऊलमधल्या तरंगत्या भागाच्या) वजनाने सुई बसते, आणि पेट्रोलच्या तोटीत नळी लावून फुंका. हवा अडली पाहिजे. सुईच्या टोकावर गोल चर दिसला तर ती बदलायची. इथे चर नव्हता, सुई जिथे टेकते त्या सीटवर तांबूस कण होते. टाकीतला गंज! टाकी धुतली, कॉकची जाळी साफ केली, नळीत छोटा जाळीचा फिल्टर घातला. तेव्हापासून थेंब नाही. कारचा कागदी फिल्टर इथे घालू नका. पेट्रोल नुसतं उताराने येतं, जोर पुरत नाही.

ओव्हरफ्लोचं पेट्रोल इंजिनातही उतरू शकतं, म्हणून तसं होत असेल तर ऑइलची कांडी काढून वास घ्या. पेट्रोलचा वास आला किंवा ऑइल पातळ लागलं, तर ते बदलल्याशिवाय किक मारू नका.

उघडताना इंजिन गार हवं, कॉक बंद. बाऊलखालचा ड्रेन स्क्रू सैल करून पेट्रोल काचेच्या बाटलीत घ्या. पाणी असेल तर तळाशी वेगळं दिसतं. १० च्या पान्याने कार्बोरेटर धरून ठेवणारे दोन बोल्ट काढा. एअर स्क्रू (स्लोच्या हवेचं प्रमाण ठरवणारा) काढण्याआधी हलक्या हाताने पूर्ण आत फिरवा आणि किती फेऱ्या झाल्या ते लिहून ठेवा, बसवताना तेवढ्याच बाहेर. स्लो जेटच्या भोकात क्लचच्या केबलची तार घालू नका, पोलाद पितळ कुरतडतं. वायरमधली तांब्याची एक बारीक तार पुरते. शेवटी स्लो १४०० आरपीएमच्या आसपास लावा. मीटर नसल्याने कानावरच.

पावसाळ्यात गाडी आठवडाभर उभी राहणार असेल तर कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा, बाऊल रिकामा होतो. साधी रिंग असेल तर पुढच्या वेळी कॉक उघडल्यावर कडेवर बोट फिरवून बघा. ती वाळून आटलेली असते आणि पुन्हा भिजेपर्यंत पाझरू शकते.