वाळूजच्या (छत्रपती संभाजीनगरजवळची एमआयडीसी) एका लेबर काँट्रॅक्टरचा रिव्ह्यू (5 पैकी 2 स्टार)

नाव टाकत नाही, हिशोबाचे पैसे अजून अडकलेत. रांजणगावच्या बाजूला गाळ्यात ऑफिस आहे, एवढ्यावर वाळूजच्या पोरांना अंदाज येईल. मी समाजशास्त्रात एमए, सीएचबीची (तासावर पगाराच्या प्राध्यापकीची) वाट बघून बघून शेवटी लाईनवर लागलो, तर रिव्ह्यूत थोडी थिअरी येणार, सहन करा.

पहिलं म्हणजे इथं जाहिरात बिहिरात काही नसते. मला नंबर दिला तो एसटीत शेजारी बसलेल्या पोरानं, ओळख ना पाळख. सख्खा चुलतभाऊ तिकडंच कामाला पण त्याला जे माहीत ते आमच्या घरात आधीच माहीत. ग्रॅनोव्हेटर नावाच्या समाजशास्त्रज्ञानं 1973 ला हेच मांडलं होतं की नोकरीची खबर जवळच्यांपेक्षा लांबच्या ओळखीतून जास्त येते, त्यानं अभ्यासलेले लोक बोस्टनजवळचे मॅनेजर-इंजिनिअर टाईप होते, पण वाळूजच्या हेल्परलाही लागू पडायलंय.

ऑफिसात आधार, पासबुक, फोटो घेतले आणि रजिस्ट्रेशनचे म्हणून पैसे. पावती मागितली तर पोरगा हसला. मग आडनाव, मग तालुका, मग 'तिकडं कोणाचे तुम्ही?' हा प्रश्न आयटीआयच्या आधी येतो बरं का. नंतर हाऊसकीपिंगच्या हजेरीवरची आडनावं बघितली आणि असेंब्लीच्या हजेरीवरची, आणि बाबासाहेब 1936 लाच सांगून गेले होते की जात ही नुसती श्रमाची नाही, श्रमिकांचीही विभागणी आहे. याचा एक स्टार कापला. खरं तर दोन कापायला पाहिजे होते.

आता मुख्य मुद्दा. आमच्या भागात (मी बीड जिल्ह्यातला) मध्यस्थ म्हणलं की ऊसतोडीचा मुकादम. मुकादम पावसाळ्यातच उचल (ॲडव्हान्स) देतो, नवरा-बायकोचा एक कोयता, पैसे लग्नात नाहीतर दवाखान्यात जातात आणि मग सीझनभर ती फेडायची, फिटली नाही की पुढच्या वर्षी परत त्याचाच ट्रॅक्टर. यान ब्रेमन नावाच्या डच अभ्यासकानं खानदेशातून दक्षिण गुजरातला ऊसतोडीला जाणाऱ्यांबद्दल लिहिलंय, ॲडव्हान्स देऊन मजूर बांधून ठेवायचा, त्याला तो नवी वेठबिगारी म्हणतो. वाळूजचा काँट्रॅक्टर बरोबर उलटा! तो आधी पैसे देत नाही, आधी घेतो. आणि बांधून तर अजिबात ठेवत नाही, 240 दिवस भरत आले की 'ब्रेक' देतो, घरी जा, फोन करू. कारण कंपनीला कायम माणूस नकोच आहे, बारा महिन्यांत 240 भरले की कायद्यानं हक्क सांगता येतात. मार्क्स म्हणतो भांडवलशाहीतला मजूर दोन अर्थांनी मोकळा, श्रम कोणालाही विकायला मोकळा आणि हातात साधन काही नाही म्हणूनही मोकळा. ब्रेकच्या महिन्यात रूमभाडं भरताना हा दुसरा मोकळेपणा लई नीट कळतो. आणि तरी, दोघांतला एक निवडा म्हणलं तर मी वाळूजच निवडीन, इथं निदान सोडून जाताना कोणी गावात वसुलीला येत नाही.

कामाचं म्हणाल तर काम ठीक. परमनंटवाल्यांचा ड्रेस वेगळा, आमचा वेगळा, मशीन तेच. डोरिंजर आणि पिओरे या अर्थशास्त्रज्ञांनी 1971 मध्ये सांगितलं होतं की कंपनीच्या आत एक वेगळाच बाजार असतो, खालच्या पायरीवरून शिरायचं आणि आतल्या आत वर चढायचं. आमच्याकडं ती खालची पायरीच काँट्रॅक्टरला देऊन टाकलीय, मग चढणार कुठून.

एक गंमत सांगतो. शिफ्टच्या बोर्डावर पीस लिहितात आणि सेकंड शिफ्टवाल्यांनी आपल्याला मागं टाकलं तर आम्ही पेटायचो, चहा सोडून पळायचो, जास्तीचा एक रुपया मिळत नसताना! बुरावॉय नावाचा समाजशास्त्रज्ञ शिकागोकडं कारखान्यात स्वतः मशीनवर राबला आणि 1979 मध्ये त्यानं लिहिलं की कामगार कोट्याचा खेळ करतात आणि खेळात रमले की खेळाच्या नियमावर प्रश्नच विचारत नाहीत. मी हे परीक्षेत पानभर लिहिलेलं, तरी पळत होतो.

चांगलं काय: पगार बँकेत, तारखेच्या आसपास. पीएफ खरंच जमा होतो, मोबाईलवर पासबुकात दिसतो, आणि ईएसआयचं (दवाखान्याच्या विम्याचं) कार्डही मिळालं, हे सगळीकडं मिळत नाही म्हणून दोन स्टार. बस वेळेवर.

वाईट: ओव्हरटाईम कायद्यानं डबल पाहिजे, देतात सिंगल. सेफ्टी शूजचे पैसे पगारातून कापले. एक खाडा झाला की अटेंडन्स बोनस पूर्ण गायब, मयतीला गेलात तरी. तक्रार केली की सुपरवायझर म्हणतो काँट्रॅक्टरला विचार, काँट्रॅक्टर म्हणतो कंपनीला विचार, आणि मला वाटतं कंपनी त्याला कमिशन देते ते याच गोष्टीचं. जास्त बोललं की ठरलेलं वाक्य, 'बाहेर लाईन लागलीय.' लाईन असतेच, पाऊस दडी मारला की अजून लांब, परभणी-हिंगोलीपर्यंतची पोरं यायलेत.

जायचंच असेल तर यूएएन (पीएफचा) नंबर पहिल्याच महिन्यात मागून घ्या, स्लिपचा फोटो काढून ठेवा आणि पंचिंगची नोंद स्वतःच्या वहीत करा, माझे अडकलेले पैसे ओव्हरटाईमचेच आहेत आणि त्यांच्या रजिस्टरला माझे तास कमी दाखवायलेत.