स्प्रिंगवाला एनआरव्ही, सात महिने वापरून झाल्यावर

आमची पुण्यातली चार मजली बिल्डिंग, एक एचपीचा पंप आणि तो नेमका आमच्या तळमजल्याच्या बेडरूमला लागून. पहाटे साडेपाचला पंप बंद झाला की धाडकन आवाज, भिंतीतला पाइप हादरायचा, फळीवरचे स्टीलचे डबे वाजायचे आणि आई दचकून उठायची. एनआरव्ही, म्हणजे पाणी उलटं येऊ न देणारा व्हॉल्व्ह, फ्लॅपवाला (पिनेवर लोंबणाऱ्या झडपेचा) होता, पंप थांबला की फ्लॅप खाली यायच्या आतच वर चढलेलं पाणी उलटं फिरायचं आणि त्याला आपटून बंद करायचं, तोच तो दणका.

प्लंबर म्हणाला, "दादा, मोठा टाकू, लोड येणार नाही." सव्वा इंची लाइनला रिड्यूसर (लहान-मोठे पाइप जोडणारा तुकडा) लावून दोन इंची बसवला, तोही फ्लॅपवालाच. दणका तसाच, वर पंप चालू असेपर्यंत टकटकटकटक! शेवटी मीच हिशोब मांडला. २००० लिटरची टाकी ४० मिनिटांत भरते, म्हणजे मिनिटाला ५० लिटर. एवढं पाणी सव्वा इंचीत सेकंदाला साधारण १ मीटर धावतं, दोन इंचीत जेमतेम ०.४. तेवढ्यानं फ्लॅप पूर्ण उघडणार कसा, अर्धवट लोंबकळत फडफडतो बिचारा. तीन महिन्यांनी काढला तर पिन एका बाजूनं झिजलेली आणि भोक लांबट झालेलं, बोटाला कळत होतं.

मग सव्वा इंची, पितळी, स्प्रिंगचा घेतला. प्लंबर तो पुन्हा एल्बोला चिकटवूनच लावत होता, मी जवळजवळ भांडलो, कारण वळणावर पाणी खवळलेलं असतं आणि मग चांगला व्हॉल्व्हसुद्धा थरथरतो. आधी निदान पाच व्यासांएवढा, म्हणजे सात-आठ इंच सरळ पाइप सोडायला लावला. पाणी उलटं फिरायच्या आत स्प्रिंग बंद करते, त्यामुळे आता पंप थांबताना फक्त बारीकसा 'टक'. पहिल्या दिवशी मला वाटलं लाइट गेली.

तोटा आहे, स्प्रिंग थोडा प्रेशर खाते, टाकीला दोन-तीन मिनिटं जास्त लागतात. चालतंय.

पाचव्या महिन्यात मात्र पाणी परत खाली यायला लागलं. टेफलॉन टेपचा एक धागा सीटवर (व्हॉल्व्ह जिथं टेकून बंद होतो तिथं) अडकलेला, बस्स. साफ करायला दोन मिनिटं, पण युनियन, म्हणजे पाइप न कापता खोलता येणारा जोड, टाकलं नव्हतं (पैसे वाचवले ना मी!) म्हणून पाइप कापावा लागला, अख्खी बिल्डिंग दुपारपर्यंत बिनपाण्याची आणि तिसऱ्या मजल्यावरच्या काकू अजून धड बोलत नाहीत.