तांब्याच्या भावात ॲल्युमिनियमची तार

हॅम रेडिओच्या, म्हणजे हौशी बिनतारी संचाच्या, अँटेनासाठी ‘९९.९ टक्के शुद्ध तांबे’ अशी जाहिरात पाहून ऑनलाइन तार मागवणार असाल, तर पैसे भरण्यापूर्वी हे वाचा. गोव्यातल्या पेडणे तालुक्यात समुद्रालगत राहणाऱ्या मला १४ गेजच्या उघड्या तारेची १०० मीटरची तीन भेंडोळी प्रत्येकी ३,४०० रुपयांना, म्हणजे १०,२०० रुपयांना, आणि वर वाहतुकीचे ३८० रुपये धरून एकूण १०,५८० रुपयांना पडली. हाती आले ते तांब्याचा मुलामा दिलेले ॲल्युमिनियम.

संशय यायला हवा होता तो दारातच. पार्सल आणणारा मुलगा तिन्ही भेंडोळी एका हाताच्या बोटांत अडकवून जिना चढून आला आणि खोक्यावरच्या चिठ्ठीवर वजन ३.६ किलो लिहिलेले होते. १४ गेजची तार साधारण २ मिलिमीटर जाडीची असते, ती तांब्याची असेल तर मीटरमागे २९ ग्रॅम भरते आणि ३०० मीटरला ८.७ किलो व्हायला हवेत. हा हिशेब मला तोंडपाठ असूनही मी सही केली, कारण चिठ्ठीवरचे वजन कुरिअरवाले अंदाजाने लिहितात असा माझा समज होता आणि तो गैरसमज म्हणावा इतका चुकीचाही नाही. शिवाय मी लोहचुंबक लावून पाहिले होते. सगळे जण हीच चाचणी सुचवतात, पण चुंबक फक्त पोलादी गाभा पकडतो. ॲल्युमिनियम त्यालाही चकवते. कानस घ्या, दोनदा ओढा आणि आतला रंग पाहा. आणि स्वतःच्या काट्यावर तोला.

पावसाळ्याच्या पहिल्याच महिन्यात फीडच्या जोडाशी, म्हणजे संचाकडून आलेली केबल अँटेनाला मिळते तिथे, एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती शक्ती परत फिरते त्याचे माप) खालीवर होऊ लागला. माडाला बांधलेले टोक उतरवून पाहिले, तर सोल्डरखाली पांढरी भुकटी साचलेली आणि तार तिथेच तुटायला आलेली. खारी हवा, ओलावा आणि तांब्याला चिकटलेले ॲल्युमिनियम एकत्र आले की ॲल्युमिनियम आधी सडते. अँटेनाखाली चिऱ्याच्या जमिनीत पुरलेल्या रेडियल तारांचीही कापलेल्या टोकांपासून तीच गत झाली होती.

विक्रेत्याने त्यावर मलाच शास्त्र शिकवले. उच्च वारंवारतेचा प्रवाह पृष्ठभागावरूनच वाहतो, तेव्हा गाभा कशाचा आहे याने काय बिघडते, असे त्याचे उत्तर. ७ मेगाहर्ट्झला हा प्रवाह तांब्यात ज्या खोलीपर्यंत मुख्यतः वाहतो ती जेमतेम ०.०२५ मिलिमीटर असते, हे खरेच आहे आणि मुलामा पुरेसा जाड असेल तर अशी तार चालतेही. मग ती मुलाम्याची म्हणून, मुलाम्याच्या भावात विका ना! अर्धे सत्य सांगणाऱ्यापासून सावध राहा, कारण त्याला विषय कळतो.

यापुढचा मनस्ताप तारेपेक्षा महाग पडला. विक्री-संकेतस्थळाने परतीची मुदत संपल्याचे सांगून हात झटकले. पोलिसांनी ही दिवाणी बाब असल्याचे सांगून सायबर शाखेकडे धाडले आणि तिथे, तुम्ही स्वखुशीने पैसे दिले व माल मिळाला, मग गुन्हा कुठला, असे विचारण्यात आले. हेल्पलाइनवर नोंदवलेली तक्रार विक्रेत्याच्या एकोळी खुलाशावर ‘निवारण झाले’ म्हणून बंद करण्यात आली. निवारण कोणाचे झाले, ते मला कोणी विचारले नाही. आणखी एका कार्यालयाने प्रयोगशाळेचा दाखला आणा, मग पाहू, असे सांगितले. दाखला आणायचा खर्च माझा, वेळ माझा, आणि ज्याच्याकडे हे तपासायचे अधिकार आहेत त्याने खुर्चीवरून उठायचेही नाही!

बिलावर नुसते ‘वायर’ लिहिलेले असेल तर ते परत करा. ‘तांबे’ हा शब्द आणि वजन दोन्ही लिहून मागा. खोके उघडताना व्हिडिओ काढा, काट्यावरचा आकडा त्यात दिसू द्या. जाहिरातीचे पान त्याच दिवशी जपून ठेवा, कारण माझ्या विक्रेत्याने तक्रारीनंतर ‘शुद्ध’ हा शब्द गुपचूप काढून टाकला. आता मी जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज करत आहे. २०१९ च्या कायद्यामुळे तो आपण राहतो त्या जिल्ह्यातच करता येतो आणि ५ लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. तारेचे कानशीने घासलेले तुकडे आणि जुन्या जाहिरातीची छापील प्रत मी अर्जाला जोडली आहे.